पोत्यातली रताळी

रताळ्याला शेतच लागते असे नाही. तेलाचा पत्र्याचा डबा, कड फुटलेले घमेले, खताचे रिकामे पोते, यातही रताळी पोसतात. आज हे मी खात्रीने सांगतो. पण प्रथम सांगितले तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली होती.

२०१६ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीत फिरतीवर होतो. मजुरीवर घर चालवणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या योजना सगळ्या सातबारावाल्यांच्या. आमच्याकडं ही फरशी घातलेली पडवी तेवढी हाय."

मला उत्तर सुचेना. मग मोठ्या उत्साहात पाच पोती रताळी लावायला सांगितली. ऑक्टोबरात लावा, महाशिवरात्रीला घरची खा! शेणखत सढळ हाताने घाला, वर पंधरा दिवसांनी मूठभर युरिया.

वेल असे माजले की पडवी हिरवीगार झाली. जाणारे-येणारे थांबून बघत. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ताईंनी माझ्यादेखत पहिले पोते उलटे केले. आत करंगळीएवढ्या मुळ्या! उरलेल्या चारांतही तेच. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. पोराला हाक मारली, "बाजारातनं अर्धा किलोच आण." कृषी पदवीधर मी, पण त्या दिवशी कुणी 'रताळ्या' म्हटले असते तर निमूट ऐकून घेतले असते.

चूक माझीच होती. युरियात ४६ टक्के नत्र असते. नत्र जादा झाले की वेल पानांकडे धावतो, मुळे पोसत नाहीत. पोत्यातल्या एवढ्याशा मातीला मूठभर युरिया म्हणजे अतीच झाले.

पुढच्या वर्षी आधी माझ्याच दारात लावून पाहिले. दोन घमेली माती, एक घमेले वाळू, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि पालाशासाठी दोन मुठी चुलीतली राख. युरिया नाही. पोत्याच्या बुडाला भोके हवीतच, पाणी साचले की मुळे कुजतात. वेलाच्या शेंड्याकडचा वीतभर फाटा घ्यावा, खालची पाने काढून दोन-तीन डोळे मातीत दाबावेत. एका पोत्यात दोनच फाटे, मोह आवरा. ऊन दिवसभर मिळाले तर उत्तम. माती भेगाळू देऊ नका, कारण भेगांतूनच सोंड्या भुंगा रताळ्यापर्यंत पोचतो. चार महिन्यांनी पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडा आणि आठवड्याने काढा. काढलेली रताळी काही दिवस सावलीत ठेवली तर गोडी वाढते. कोवळ्या पानांची भाजीही होते.

हे फाटे घेऊन मी भीतभीतच ताईंकडे गेलो. त्यांनी दोनच पोती लावली, पाच नाही. माझ्यावर तेवढाच विश्वास उरला होता. शिवरात्रीला त्यांतून उपासापुरती निघाली, वर पोरांना भाजायलाही उरली.

आता त्यांच्या वेलाचे फाटे वाडीत चार घरी गेले आहेत. मला कुणी विचारत नाही. ताईच सांगतात, "युरिया तेवढा घालू नगा."