विजेच्या मोटारीने रत्नागिरी

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर साधारण १३० किलोमीटर. केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करीत रस्ता आंब्याला पोहोचतो आणि तिथून सह्याद्री एकदम खाली उतरतो. पुढे साखरपा, पाली, हातखंबा. या वाटेने आम्ही आजवर एस.टी.नेच गेलो. डिसेंबर २०२४ मध्ये प्रथमच स्वतःच्या मोटारीने गेलो, तीही विजेवर चालणाऱ्या.

मोटार घेतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" आमच्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की रात्री ती कुठे लावणार?

आमची गाडी टाटांची टियागो. विजेवरची टियागो २०२२ साली बाजारात आली. आमच्या गाडीची बॅटरी २४ युनिटची. चाचणीतला पल्ला ३१५ किलोमीटरचा सांगितला गेला होता. पाच माणसे, सामान, एसी आणि आपले रस्ते धरले की आम्हाला सुमारे १८० मिळतात. गिझरला असतो तसा पंधरा अँपिअरचा प्लग असेल तर रिकामी बॅटरी भरायला रात्रभर, म्हणजे नऊएक तास लागतात. भिंतीवर मोठा चार्जर बसवला तर चारेक तास. महामार्गावरच्या जलद चार्जरवर दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत एक तास, पण तिथले युनिट घरच्यापेक्षा महाग. पगारदार माणसाला खरा आधार घरच्या प्लगचाच.

तो प्लग मिळवायला आम्हाला आमच्या इमारतीत सात महिने लागले. अर्ज दिला, सभा झाल्या. "तुमच्या वायरीने आग लागली तर जबाबदार कोण?" असे विचारले गेले. त्याच पार्किंगमध्ये पेट्रोल भरलेल्या अकरा गाड्या उभ्या असतात, त्यांच्याबद्दल कोणी कधी विचारले नव्हते. अखेर आमच्याच मीटरवरून, आमच्याच खर्चाने, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून वायर खाली आणली. आमचे घर मालकीचे होते म्हणून हे जमले. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने काय करावे? चाळीतल्याने वायर कुठून सोडावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडेच होता आणि ती मुबलक व स्वस्त मिळावी असा त्यांचा आग्रह होता. आता वीज बहुतेक घरांत पोहोचली आहे, पण गाडी उभी राहते तिथवर ती आलेली नाही.

असो. सकाळी सहाला पूर्ण भरलेल्या बॅटरीने निघालो. रस्ता चौपदरी करण्याची कामे तेव्हा चालू होती, त्यामुळे मलकापूरपर्यंत धूळ खात गेलो. आंबा घाट उतरताना मात्र मुलगा ओरडला, "बाबा, टक्के वाढले!" उताराला पाय उचलला की मोटर उलटी, म्हणजे डायनॅमोसारखी चालते आणि बॅटरीत वीज परत जाते. पेट्रोलच्या गाडीत तीच शक्ती ब्रेक तापवण्यात जाते. रत्नागिरीत मेहुण्यांच्या दारी उतरलो तेव्हा बॅटरी ४१ टक्के होती.

जेवणानंतर मेहुण्यांनी गिझरचा प्लग मोकळा करून दिला. चार्जर लावला तर तांबडा दिवा. दुसऱ्या प्लगला लावला, पुन्हा तांबडा. मेहुणे म्हणाले, "भावोजी, तुमची गाडी कोकणात रुसली!" सकाळी वायरमन आला आणि दहा मिनिटांत निदान झाले : घराला आर्थिंगच नाही. प्लगला तीन भोके होती, तिसऱ्यातली वायर भिंतीत कुठेच जोडलेली नव्हती. अर्थिंगशिवाय चार्जर वीज घेत नाही, आणि ते योग्यच आहे. मग वहिनी सहज बोलून गेल्या, की फ्रिजला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. किती वर्षे येत होत्या कोण जाणे. घरात लहान मुले आहेत, आणि सर्वांना त्याची सवय झाली होती.

जांभ्यात खड्डा खणणे सोपे नाही. मोरीचे पाणी जिरते ती ओलसर जागा निवडली, पत्रा पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरले, वायर वर आणली. दुपार त्यातच गेली. संध्याकाळी हिरवा दिवा लागला, आणि वहिनींनी आधी जाऊन फ्रिजला हात लावून पाहिला.

चार्जिंग होईतो मंडळी थिबा राजवाडा पाहून आली. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा बौद्ध राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचे राज्य घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. वाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. सासूबाई गच्चीवरून खाडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

परतीच्या घाटाची आम्हाला धास्ती होती. मुलाने वहीवर गणित मांडले : माणसांसह दीड हजार किलोची गाडी सहाशे मीटर वर चढवायला अडीच युनिट, वाया जाणारी शक्ती धरून तीन. म्हणजे बॅटरीचा आठवा हिस्सा. गणित बरोबर ठरले. कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा १६ टक्के शिल्लक होते. पावसाळ्यात वाहतूक वळवली असती तर मात्र वाटेत कुठे जलद चार्जर आहे हे आधी पाहून ठेवावे लागले असते, आणि तो चालू आहे का हे फोन करून विचारावेही लागले असते.

दोन्ही फेऱ्या मिळून मीटरवर चाळीसएक युनिट पडले. बारा रुपये दर धरला तर ४८० रुपये. पेट्रोलला १,७०० लागले असते. पण घरगुती दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याच्या बिलात सुमारे १४० युनिट वाढतात आणि पुष्कळदा टप्पाच बदलतो. हा हिशेब गाडी घेण्याआधी मागची बारा बिले समोर ठेवून करावा.

आणि एक. सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण झाली आहेत, त्यांना एस.टी. मोफत, महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट. दोघी मायलेकीच जाणार असतील तर आम्ही त्यांना अजूनही स्टँडवरच सोडतो.