लॅमिंग्टन रोडवर ‘डब्या’च्या शोधात

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की कुणाला रस्ता विचारायची गरज नाही. पाठीवर रिकामी सॅक आणि मोबाइलवर भलीमोठी यादी घेतलेली पोरं दिसतील, त्यांच्या मागून चालत राहायचं. थोड्याच वेळात तुम्ही लॅमिंग्टन रोडवर! पाटीवर याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला या रस्त्यावरून हलवणं अजून कुणाला जमलेलं नाही. टॅक्सीवाल्याला ‘भडकमकर मार्ग’ सांगून बघा, तो तुम्हालाच पत्ता विचारेल.

आपल्या आई-बाबांच्या पिढीसाठी हा रस्ता थिएटरांचा. १९७५ साली आलेला ‘शोले’ इथल्या मिनर्व्हात पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. आपल्या पिढीसाठी मात्र हा रस्ता म्हणजे रॅम, मदरबोर्ड, सीसीटीव्ही, केबल्स आणि ‘बोलो भाई, क्या चाहिए?’ फुटपाथवर रिमोट आणि चार्जरचे ढीग, वर पाट्यांवर पाट्या, आणि मधून डोक्यावर मॉनिटरचे खोके घेऊन धावणारे हमाल. सहा फूट रुंद दुकानात अख्खं कॉम्प्युटर विश्व! रविवारी मात्र चुकूनही जाऊ नका. बहुतेक शटर्स खाली असतात.

आम्ही गेलो शनिवारी सकाळी. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. साहेबांना नोकरी लागून वर्ष झालंय, बॅक ऑफिसची नाइट शिफ्ट करून करून पन्नास हजार साठवलेत आणि आता स्वतःचं गेमिंग मशिन बांधायचंय. मावशीचं म्हणणं, एवढ्यात स्कूटर आली असती. त्याचं म्हणणं, स्कूटरवर गेम खेळता येत नाही. दोघांचंही बरोबर! माझी नेमणूक मावशीने केली होती. ‘तू जा गं त्याच्याबरोबर, याला कुणीही गुंडाळेल.’

‘डब्यात काय ठेवलंय?’

पहिल्या दुकानात सगळं झकास चाललं होतं. ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ६६००, प्रोसेसर रायझन ५ ५६००, एक एसएसडी. दुकानदार कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवत होता. रॅमपाशी पहिला झटका बसला. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे चढले (एआयच्या डेटा सेंटर्सनी जगभरचा माल ओढला म्हणून), त्याची झळ थेट आमच्या यादीला. बेरीज झाली त्रेपन्न हजार पाचशे. भाऊरायाचा चेहरा पडला.

दुकानदाराने तो बरोब्बर टिपला. ‘टेन्शन नहीं लेने का. एसएमपीएस का काट देते हैं. ब्रँडेड साडेचार हजार का है ना? मैं कॅबिनेट के साथ वाला देता हूँ, सिर्फ नौ सौ. पाँच सौ वॅट लिखा है उसपे. डब्बे में क्या रखा है?’

साडेतीन हजार वाचले. एका वाक्यात! भाऊरायाने माझ्याकडे बघितलं. ‘ताई, बरोबर बोलतोय तो. पॉवर सप्लायने एफपीएस थोडेच वाढतात?’

आणि मंडळी, इथेच गोची आहे. पॉवर सप्लाय काहीच दाखवत नाही. ग्राफिक्स कार्डचे फ्रेम्स मोजता येतात, एसएसडीचा वेग दिसतो, आरजीबीच्या लाइट्स तर मित्रांना दाखवता येतात. हा डबा कॅबिनेटच्या तळाशी तोंड लपवून बसलेला असतो. भिंतीतून आलेला २३० व्होल्टचा एसी घ्यायचा आणि आतल्या नाजूक पार्ट्सना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी द्यायचा, एवढंच त्याचं काम. बजेट ताणलं गेलं की पहिली सुरी त्याच्यावरच फिरते.

मी ‘नको’ म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. त्याला कारण होतं.

फट्!

२०१९ चा पावसाळा. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्या सप्लायचा. दुकानाचं नाव कशाला, असे सप्लाय सगळीकडेच मिळतात. एका संध्याकाळी लाइट गेली. आली. पुन्हा गेली. पुन्हा आली आणि टेबलाखालून ‘फट्’ असा आवाज. मग जळका वास.

सप्लाय गेला, ठीक आहे. पण तो एकटा गेला नाही. मदरबोर्ड घेऊन गेला आणि हार्ड डिस्कही. रिपेअरवाल्याने सांगितलं, चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज वर गेलं की स्वतःला बंद करणारी सर्किट्स असतात, यात त्यातलं काही दिसत नाही. हार्ड डिस्कवर आजीच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो होते. बॅकअप? कॉलेजातली पोरं कधी बॅकअप घेतात का! आजी आता नाही. त्या दिवसाचे तीन फोटो आहेत, तेही काकूच्या मोबाइलमधले, हललेले.

त्यामुळे ‘डब्बे में क्या रखा है’ याचं उत्तर मला जरा जास्तच चांगलं ठाऊक आहे.

लेबल वाचायला शिका, बॉस!

दुसरं दुकान एका गल्लीत, जिना चढून. काउंटरवर चष्मा कपाळावर चढवलेले एक काका. अस्सल मराठी. मी त्यांना सरळच सांगितलं, काका, पन्नास हजारांत बसवायचंय, पण सप्लायला कात्री लावायची नाही. काका हसले. ‘मग तुमच्याशी जमेल.’ त्यांनी दोन सप्लाय काउंटरवर ठेवले, एक ‘पाचशे वॅट’वाला लोकल आणि एक साडेपाचशे वॅटचा ब्रँडेड.

‘बाळा, पुढचा मोठा आकडा वाचायचा नाही. बाजूचं लेबल वाच. १२ व्होल्टचा रकाना. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचं जेवण तिथूनच येतं.’

भाऊरायाने वाचलं. लोकलवर १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे पाचशे वॅट नाव आणि कामाचे १९२! बाकीचे आकडे ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत फुगवलेले, ज्यांचा आजच्या गेमिंग मशिनला फारसा उपयोग नाही. ब्रँडेडवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर. गुणिले बारा, ५४० वॅट. नावाला जागणारा.

मग काकांनी बिलबुकाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, पण ताणाखाली त्याहून थोडा जास्त खाणार. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे... सगळं मिळून साधारण २५० ते २७० वॅट. १९२ वॅटच्या डब्यावर हे चालवायचं म्हणजे टेम्पोचा माल सायकलवर!

‘मग तीनशेचा चांगला घेऊ की,’ भाऊराया म्हणाला. पठ्ठ्या हुशार आहे. पण ग्राफिक्स कार्ड सरळ रेषेत करंट खात नाही. गेममध्ये एकदम स्फोट-बिस्फोट झाला की काही मिलिसेकंदांपुरती त्याची भूक भलतीच वाढते. या कार्डसाठी एएमडी स्वतः किमान ४५० वॅटचा सप्लाय सुचवते. साडेपाचशे घेतला तर डबा अर्ध्या ताकदीवर निवांत चालतो, गरम कमी होतो, पंखा कमी ओरडतो आणि दोन वर्षांनी मोठं कार्ड घेतलं तरी चालून जातं.

अजून एक गंमत. त्या लोकल सप्लायला ग्राफिक्स कार्डचा आठ पिनांचा कनेक्टरच नव्हता. या एका कनेक्टरवरून १५० वॅट जाऊ शकतात. ‘असे सप्लाय देताना कन्व्हर्टर लावून देतात,’ काका म्हणाले. म्हणजे हार्ड डिस्कसाठी असलेल्या बारीक वायरींवर कार्डचा बोजा. वायर तापते, प्लॅस्टिक वितळतं, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कन्व्हर्टर लागतोय म्हणजे सप्लाय चुकलाय, इतकं साधं आहे ते.

सोन्याचा स्टिकर

आता येऊ या स्टिकरकडे. ८० प्लस. व्हाइट, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड... ऑलिम्पिकच! २००४ साली अमेरिकेत सुरू झालेला हा कार्यक्रम एकच गोष्ट सांगतो, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कॉम्प्युटरपर्यंत पोचते आणि किती उष्णता बनून वाया जाते. तिकडच्या ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला अर्ध्या लोडवर किमान ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. बिलासाठी चांगलं, खोलीच्या उकाड्यासाठी चांगलं. पण संकटात हा डबा स्वतःला बंद करेल का, हे स्टिकर सांगत नाही.

पुरावा हवा? २०२१ साली गेमर्स नेक्सस या अमेरिकेतल्या टेस्टिंगवाल्या मंडळींनी गिगाबाइटचा जीपी-पी७५०जीएम हा ७५० वॅटचा सप्लाय तपासला. मोठं नाव, ८० प्लस गोल्ड. चाचणीत एकामागून एक सप्लाय बंद पडले, काही चक्क फुटले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने निवेदन काढलं, जास्त लोड आल्यावर सप्लाय ज्या पातळीला बंद होतो ती खाली आणल्याचं सांगितलं आणि ठरावीक सीरियल नंबरचे सप्लाय बदलून द्यायची तयारी दाखवली. तेव्हा नाव आणि सोनं, दोन्हींवर डोळे मिटून विश्वास नको.

मग बघायचं काय? काकांनी बोटावर मोजून दाखवलं. एक, प्रोटेक्शन्सची यादी. जास्त व्होल्टेज, जास्त करंट, जास्त लोड, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान, या पाचही गोष्टींपासून संरक्षण बॉक्सवर स्पष्ट लिहिलेलं हवं. दोन, सप्लायची पूर्ण ताकद किती तापमानाला मोजलीय. ४० किंवा ५० अंश लिहिलं असेल तर उत्तम. मे महिन्यात डोंबिवलीच्या टॉप फ्लोअरवर २५ अंशांचा आकडा काय कामाचा? तीन, कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का. चार, त्याच मॉडेलचा उघडून केलेला रिव्ह्यू घरूनच वाचून यायचा. ‘त्याच’ला महत्त्व आहे. एकाच ब्रँडचे दोन सप्लाय दोन वेगळ्या कारखान्यांतले असू शकतात. पाच, वॉरंटी. तीन वर्षं ठीक, पाच वर्षं छान.

‘आणि वजन?’ मी विचारलं. चांगला सप्लाय जड असतो, असं सगळेच सांगतात. ‘हलका असेल तर संशय घ्यायचा, ताई. जड असला म्हणून प्रमाणपत्र द्यायचं नाही.’

बिल के साथ या बिल के बगैर?

इथे या रस्त्याचा लाडका प्रश्न. बिलाशिवाय घेतलं तर चार पैसे सुटतात. पण बिल नाही तर वॉरंटी विसरा! पाच वर्षांनी सीरियल नंबर घेऊन तुम्ही कुणापुढे उभे राहणार? बाकी घासाघीस हवी तितकी करा, या मार्केटचा धर्मच आहे तो. बिल मात्र छापील, त्यावर सीरियल नंबर, आणि तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो.

मग ते साडेतीन हजार आणले कुठून? काचेचं, लाइट्सवालं कॅबिनेट गेलं, साधं काळं जाळीचं आलं. एक टीबीची एसएसडी अर्ध्या टीबीची झाली. गरज पडली तर दुसरी नंतर लावता येते. भाऊराया लाइट्ससाठी जरा हळहळला, पण फोटोंची गोष्ट त्याला माहीत होती. पंचाहत्तरीला तोही होता.

खोकी सांभाळत ग्रँट रोडहून दादर, दादरला ब्रिज ओलांडून डोंबिवली लोकल. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून भिंतीतल्या थ्री-पिनचं अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, तुमच्याकडेही एकदा बघून घ्या!

परवा रात्री त्याचा फोन आला. ‘ताई, गेम मस्त चाललाय. मध्ये लाइट गेली आणि आली.’

माझ्या पोटात गोळा. ‘मग?’

‘मग काय? पुन्हा चालू केला. काहीच झालं नाही.’

साडेचार हजार त्या ‘काहीच नाही’चेच तर दिले होते!