केल्सोचं स्टेशन आणि आपला दवाखाना

आज जरा लांबून सुरुवात करतो. शेवट आपल्याच गावात होणार आहे.

काही वर्षांपूर्वी बहिणीकडे अमेरिकेला गेलो होतो. मेव्हण्यांना म्हटलं, लास वेगासचे दिवे बघून झाले, आता एखादं रेल्वेचं गाव दाखवा. लोको शेडमधल्या फिटरचा मुलगा, दुसरं काय मागणार! त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात केल्सोला नेलं. चहूकडे रेती आणि झुडपं, मधोमध लाल कौलांचं, कमानींचं देखणं स्टेशन.

हे गाव पाण्यामुळे वसलं. वाफेची इंजिनं इथं पाणी भरायची. पुढे मोठा चढ. कसारा घाटात बँकर लावतात, तसं इथं जादा इंजिन जोडायचे. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या खाणीतलं लोखंड इथून जायचं, तेव्हा वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. मग खाण बंद पडली, डिझेल इंजिनं आली, पाण्याचं काम संपलं. 1962 मध्ये स्टेशन बंद, 1985 मध्ये तिथली खाणावळही. रेल्वे कंपनी इमारत पाडणारच होती, पण लोकांनी ओरड केली म्हणून वाचली. पुढे ती सरकारकडे आली. राष्ट्रीय उद्यान खात्याने दुरुस्त करून 2005 मध्ये माहिती केंद्र म्हणून उघडली. खाणावळीचं काउंटर, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, सगळं जुन्यासारखं उभं केलं. काम एक नंबर.

पण बाहेर आलो तर गावच नाही. दुकान नाही, पेट्रोल पंप नाही. मालगाडी आली, न थांबता निघून गेली. माणसं गेली होती, म्हणून इमारतीचं संग्रहालय झालं. त्यांच्यापुढे दुसरा इलाजही नव्हता.

आता आपलं बघा. आपल्या सरकारी दवाखान्याचं नूतनीकरण झालं. टाइल्स, रंग, कमान, ग्रॅनाइटची कोनशिला. 'दवाखान्याचा कायापालट' ही बातमी फोटोसह मीच दिली होती. नळ सोडून बघितला नाही, रात्री डॉक्टर असतात का हे विचारलं नाही. फीत कापली, चहा घेतला, बातमी पाठवली.

गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजता चुलतभावाच्या सुनेला घेऊन तिथंच गेलो. टाइल्स चकाचक. डॉक्टर नाहीत, नळाला पाणी नाही. सिस्टर बिचाऱ्या एकट्या. म्हणाल्या, "दादा, जिल्ह्याला न्या, वेळ घालवू नका." पोरगी रस्त्यातच, गाडीत बाळंत झाली. मायलेकी सुखरूप आहेत, ही देवाची कृपा. त्यात कायापालटाचा काही वाटा नाही.

केल्सोत माणसं उरली नाहीत, इमारत उरली. आपल्याकडे माणसं आहेत, रोज सकाळी केसपेपरच्या रांगेत उभी आहेत. मग आपण जिवंत गावात संग्रहालय का बांधतोय?

सोमवारी अर्ज घेऊन जातोय. दोनच मागण्या आहेत: रात्रपाळीला डॉक्टर आणि नळाला पाणी. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सकाळी दहाला दवाखान्याच्या गेटवर या. फोटो काढणार नाही. आधी नळ सोडून बघणार आहे.