पाणी उतरतं तेव्हा

आमचं कळंब म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पुणे-नाशिक हायवे आणि उसातला बिबट्या. तिसरी गोष्ट आम्हीच कुणाला सांगत नाही, ती म्हणजे घोड नदी. थंडी संपली की गावात एकच विषय असतो, 'पाणी कधी सुटणार?' वर डिंभ्याच्या धरणातून आवर्तन सुटलं की खालचे बंधारे भरतात, मोटारी सुरू होतात, ऊस तरतो. घरातलं वातावरणसुद्धा सुधारतं! ते पाणी येताना मी लहानपणापासून पाहिलंय. ते जिथून जातं तिथे काय होतं, ते मात्र यंदा मार्चमध्ये पाहिलं.

निमित्त झालं मासेमारीचं. माझा रूम पार्टनर डिंभे धरणाच्या काठावरच्या एका वाडीतला, महादेव कोळी. एका रात्री (सबमिशन दुसऱ्या दिवशी असताना!) आम्ही अमेरिकेतल्या लेक इरीचे व्हिडिओ बघत होतो. तिथे बर्फ वितळला की वॉलाय नावाचा मासा अंडी घालायला मॉमी नदीत चढतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये लोक कमरेएवढ्या गार पाण्यात गळ टाकून उभे राहतात. या माशाच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधारात डोळे चमकतात, अगदी आमच्या बिबट्यासारखे. पार्टनर म्हणाला, "हे हौसेनं उभे राहतात. आमचे तात्या रोज उभे असतात, त्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही. पाडव्याच्या सुट्टीत चल."

गेलो. तात्या म्हणजे त्याचे चुलते.

डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक, २००० साली पूर्ण झालेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर १९३० साली मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं ते गाव या पाण्याखाली आहे! उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. तात्यांचं शेतही खाली आहे. ते तराफ्यावरून हात दाखवून सांगतात, "इथं आमचा आंबा होता. इथं जाळं नको, अडकतं." मला हे ऐकून कसंतरी झालं. ते मात्र रस्ता सांगितल्यासारखं सांगत होते.

जमीन गेली, मग निदान मासे तरी आमचे, असं इथल्या लोकांनी धरलं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने आदिवासींची मच्छीमार सोसायटी उभी राहिली. 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर प्राइझ मिळालं. आमच्या कॉलेजपासून काही तासांवर हे घडलं आणि आम्हाला लेक इरी माहीत!

आता मासे. मी कॉन्व्हेंटमधला, त्यामुळे माझ्या डोक्यात सॅल्मन, शार्क, गोल्डफिश एवढीच मंडळी. तात्यांनी तासाभरात माझा सिलॅबस बदलला. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून जाळं कुठल्या खोलीला लावायचं ते आधी ठरवावं लागतं. जाळ्याला वर थर्माकोलचे तुकडे, खाली वजनं. ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा डोकं घालतो, पुढे जाता येत नाही, मागे यायला गेला की कल्ल्यात दोरा अडकतो. आसाचं माप बोटांनी मोजतात. चार बोटी जाळ्यातून लहान मासा सरळ निघून जातो. आपण ज्याला फिल्टर म्हणतो आणि ज्याच्यावर सहा मार्कांचा प्रश्न येतो, तेच हे.

चैत्राच्या तोंडावर दुपारी मासा खोलात असतो, उन्हं कलली की काठाच्या उथळ पाण्यात चरायला येतो. म्हणून जाळी संध्याकाळी लावायची आणि उजाडताना काढायची. पाणी जसजसं कमी होतं तसतसे मासे थोड्या जागेत गोळा होतात. मी विचारलं, कमी पाण्यात मासा जातो कुठं? तात्या म्हणाले, "जातोय कुठं? तो काय यष्टी धरून मंचरला जाणारे?"

म्हणजे हे दिवस कमाईचे. पण मोहाचेही. वाडीतला एक पोरगा म्हणाला, दोन बोटी जाळं टाकू, दुप्पट निघेल. तात्या एकदम तापले. रोहू-कटला धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पुराचं पाणी लागतं. (टाक्यांमध्ये बीज तयार करायची वाट १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरींनी काढली, संप्रेरकांचं इंजेक्शन देऊन.) म्हणून सोसायटी बोटुकली विकत घेऊन धरणात सोडते. "बोटुकली सोडली कुणी? आपण. मग आपल्याच खिशातलं काढून बाजारात इकायचं का?" पोरगा गप्प. चिलापीचं तसं नाही. ती १९५२ साली भारतात आणली, पिल्लं तोंडात सांभाळते आणि कुठंही वाढते. तात्यांच्या मते, "चिलापी म्हंजी हास्टेलचं पोरगं. कुठंबी ऱ्हातं, कायबी खातं."

अंधार पडता पडता आम्ही तीन जाळी लावली. पार्टनरने पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवली. भाकरी खाताना पप्पांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, डिंभ्यातून पाणी सुटलं बरं का! दोन दिवसांत आपल्या बंधाऱ्यात येईल." मी "हो का, छान," म्हणालो आणि फोन ठेवला. समोर तात्या बसलेले. त्यांना कळलंच होतं.

"कळंबचा ना तू? जाऊ दे पाणी. उसाला लागतंच की." थोडा वेळ बिडी ओढत राहिले. "फक्त आदल्या दिवशी कुणी सांगितलं तर जाळी आत घेता येतात बघ."

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, हे मला दुसऱ्या सेमपासून पाठ आहे. त्या रात्री पहिल्यांदाच गणित करावंसं वाटलं, आणि करायला आकडे नव्हते.

पहाटे काठाजवळच्या जाळ्याचं टोक चिखलात पडलेलं होतं. त्यात एक मृगळ, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. उरलेल्या दोन जाळ्यांत चार रोहू, एक कटला आणि बरीच चिलापी. तात्यांच्या हिशोबाने बरं. चिखलातलं जाळं धुवायला मात्र सकाळ गेली. एक मासा नाही आणि काम दुप्पट. दोन ठिकाणी तुटलं होतं तेही शिवायचं.

काठी कोरड्यात उभी होती. तिथून पाण्यापर्यंत मी पावलं मोजली, अकरा.

"उद्या वीस होतील," तात्या म्हणाले आणि तराफा ढकलला, जुन्या नदीच्या खोल भागाकडे. "चला, आंब्याच्या पलीकडं लावू आता."