जळते की गळते?

तेल दोन वाटांनी जाते; एक जळून आणि दुसरी गळून. माणसांचेही बहुधा असेच असावे, पण माणसांचे राहू द्या. दिवाळीत तेलाचा विषय निघाला की लोकांना चकल्या आठवतात. मला मात्र आमची ॲम्बॅसडर आठवते.

ही गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्यात तयार होत असे. मूळ घराणे इंग्रजी, मॉरिस ऑक्सफर्डचे. आमची १९६६ सालची, अण्णांनी हौसेने घेतलेली. आता अण्णा नव्वदीच्या घरात आणि गाडी साठीला टेकलेली. सकाळी सुरू व्हायला दोघांनाही वेळ लागतो.

गेल्या पावसाळ्यात गाडीमागून निळा धूर निघू लागला. शेजारच्या चिमुरडीला खोकल्याची उबळ येई. शेजारीणबाई बोलल्या काहीच नाहीत, फक्त खिडकी लावून घेतली. लावलेली खिडकी पुष्कळ बोलते. "अहो, दिवाळीपूर्वी काय तो निकाल लावा," सौ. म्हणाली. ते ऐकून अण्णा वर्तमानपत्राआड गेले आणि बराच वेळ पान उलटले नाही.

मी मिस्त्रींना बोलावले. धुराकडे ते वैद्याने नाडीकडे पाहावे तसे पाहतात. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा रेंगाळला तर आत पाणी, निळा असेल तर ऑइल जळते आहे. उतारावर पाय काढून पुन्हा दाबताच भपकारा आला, तर व्हॉल्वचे गाइड झिजले. चढावर जोर लावताना आला, तर पिस्टनच्या रिंगा. आमची चढावर धुरकटत होती. तरीही त्यांनी प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. दोन ठिकाणी कमी भरला. तिथे थोडे ऑइल ओतून पुन्हा मोजला, तर वाढला. व्हॉल्वचा दोष असता तर तो वाढला नसता.

मग गळतीचा तपास. इंजिन धुऊन-पुसून त्यांनी सौ.च्या पावडरीचा डबा मागितला आणि सगळीकडे पावडर उडवली. गाडी चालवून आणली, तो एका जागी नव्हे, जिथे तिथे तेलाचे ओघळ!

"पॅकिंगं बदलून भागायचं नाही, साहेब. हिचा श्वास कोंडलाय."

झिजलेल्या रिंगांवाटे निसटलेला वायू खाली चेंबरात साचतो. त्याला बाहेर जायला एक नळी असते. ती काजळीने बुजली होती. कोंडलेला वायू मग फट दिसेल तिथून तेल बाहेर ढकलतो. म्हणजे जळणे आणि गळणे, दोहोंचे मूळ एकच!

रिंगा बदलल्या, नळी मोकळी झाली, धूर गेला. इंजिनाच्या मागच्या टोकाला मात्र अजून दोन थेंब पडतात. तिथे तेल अडवायला रबराची कडी नाही. क्रँकवर उलट्या आट्यांची खोबण आहे. क्रँक फिरत असतो तोवर ती तेल आत परतवते; थांबला की पाझर सुरू.

"ते चालायचंच. हिला उभी ठेवू नका म्हणजे झालं," मिस्त्री म्हणाले.

अण्णांच्या डॉक्टरांचा सल्लाही नेमका हाच आहे. म्हणून रोज संध्याकाळी दोघे मिळून फेरी मारून येतात. मी फक्त चालवतो. शेजारची खिडकी आता उघडी असते, आणि सौ. रांगोळी काढते ती गाडीपासून दोन हात अलीकडे.