असेंब्ली पॉईंट

कतारमध्ये नोकरीला लागलो तेव्हा पहिला अख्खा दिवस सेफ्टी ट्रेनिंगमध्ये गेला. सायरन वाजला तर कुठल्या दाराने पळायचं, कुठे जमायचं, हजेरी कोण घेणार.. गॅसवर चालणारा देश, त्यामुळे हे ओघाने आलंच. पीएचडीच्या वेळी लॅबमध्येही हेच होतं. "आमच्याकडे कसली आग लागतेय, कशाला हवीत ही नाटकं?" असं तिथे कोणी म्हणत नाही.

घरातल्या मारहाणीबद्दल मात्र आपण नेमकं हेच म्हणतो. मुलगा इंजिनियर, पगार रियालमध्ये, घराणं माहितीतलं. मग कसली काळजी?

गेल्या वर्षी बायकोच्या ओळखीतल्या एका मुलीने विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे एक पाकीट ठेवू का?" आत पासपोर्टची आणि लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स, थोडे रियाल. आम्ही काही विचारलं नाही, तिनेही फार सांगितलं नाही. पण त्यानंतर आम्ही दोघांनी या विषयाची माहिती काढली. ती भारतातल्या आईवडिलांना जास्त उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

इथे बायको बहुधा नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर राहते. घर त्याच्या कंपनीचं, सिमकार्ड आणि बँक खातंही बरेचदा त्याच्याच नावावर. भांडण झालं, पिशवी भरली आणि एसटीने माहेर गाठलं, असं इथे होत नाही. म्हणून तयारी आधी लागते.

तातडीचा धोका असेल तर पोलिसांचा नंबर ९९९. 'अमान' हे छळ झालेल्या स्त्रिया आणि मुलांसाठीचं केंद्र आहे. त्यांची हेल्पलाईन ९१९, निवाऱ्याचीही सोय आहे. कतारच्या २००६ च्या कुटुंब कायद्यातलं ५७ वं कलम सांगतं की नवऱ्याने बायकोला शारीरिक वा मानसिक इजा करू नये. पण आपल्याकडच्यासारखा घरगुती हिंसाचाराचा स्वतंत्र कायदा तिथे नसल्याची टीका ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ साली केली होती. दोहाचा भारतीय दूतावास आणि त्याच्या छत्राखाली १९८४ पासून काम करणारी आयसीबीएफ ही संस्था, हे आपले आणखी दोन दरवाजे. पासपोर्ट हाती नसेल तर भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट दूतावास देऊ शकतो. मुलं बरोबर असतील तर निघण्याआधी वकिलाशी बोलणं उत्तम.

आता तयारी म्हणजे काय? पासपोर्ट, कतारचं ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती घराबाहेर विश्वासू माणसाकडे. थोडे रोख पैसे. दोन-तीन नंबर तोंडपाठ, कारण फोन हिसकावला जातो. नवऱ्याला पासवर्ड माहीत नाही असा ईमेल. भांडण पेटलं तर स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं, दाराजवळ राहायचं. आणि "मी चालले" हे सांगायचं नाही. या क्षेत्रात काम करणारे बजावतात की बाई सोडून जायला निघते तीच सगळ्यात धोक्याची वेळ असते.

यातलं एक काम फक्त आईवडीलच करू शकतात. लेकीशी एक सांकेतिक वाक्य ठरवा. "आजीच्या गुडघ्याचं कसं आहे?" असं काहीही. ते ऐकलं की समजायचं, आता प्रश्न नकोत, मदत हवी.

ती परत आलीच तर आपल्याकडे घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बाईने जिथे आसरा घेतला तिथेही छळाची फिर्याद करता येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ साली सांगितलं. परदेशात घडलेल्या गोष्टींना वेगळी परवानगी लागू शकते, ते वकिलाला विचारा. महिला हेल्पलाईन १८१. शिवाय टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे.

बाकी कायदे, नंबर सगळं नंतर. "जरा जुळवून घे गं" हे वाक्य ऐकून मुलगी पुढचं सांगायचं थांबते. तेव्हा या आठवड्यात ती एकटी असताना फोन करा आणि एवढंच सांगा, "कधीही ये, कारण विचारणार नाही."