चाकांवरचं बिऱ्हाड

प्रवासापेक्षा प्रवासाच्या आदल्या दिवसाची मला अधिक गोडी आहे. घरभर सामान पसरलेलं असावं, एकाने यादी वाचावी, दुसऱ्याने "घेतलं, घेतलं" म्हणत खोटंच ओरडावं, चिवड्याच्या डब्याचं झाकण लागू नये आणि ते लावायच्या निमित्ताने जो तो मूठभर चिवडा खाऊन जावा! प्रत्यक्ष प्रवासात धूळ असते, गर्दी असते, अंग आंबून जातं. आदल्या दिवशी यातलं काहीच नसतं. असते ती नुसती उमेद.

मी बालवाडीची बाई. मुलांना दप्तर भरायला शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. जड पाटी खाली, डबा वर, आणि पाण्याची बाटली कडेला. कादंबऱ्या लिहिते खरी, पण त्यांतली प्रकरणंसुद्धा मला कधी दप्तरासारखी नीट लावता आली नाहीत. तेव्हा 2024 च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत, दादाच्या दारात ते मोटारघर येऊन उभं राहिलं आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, सामान लावायला हात लावाल का?" तेव्हा मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

आर. व्ही. म्हणतात तिला. भाड्याने आणलेली, पंचवीस फूट लांब, बारा फूट उंच. आत स्वयंपाकाचा ओटा, जेवायचं मेज, न्हाणीघर, तीन बिछाने. चालकाच्या डोक्यावरसुद्धा एक माळा, तोही झोपायचा. आईने दारात उभं राहून सगळं न्याहाळलं आणि म्हणाली, "बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच की रे!"

दादाने आईला अमेरिका दाखवायला बोलावलं होतं, आणि सोबत म्हणून मला. मी बिनपगारी रजा टाकून आले होते. पण नुसती अमेरिका दाखवणं हा त्याचा हेतू नव्हता. वडील गेल्यापासून आई कराडच्या घरात एकटी राहते. ते घर विकावं, तिने कायमचं इकडे यावं, असं त्याच्या मनात होतं. गिऱ्हाईकही आलेलं होतं. तसं तो उघड बोलला नव्हता, पण आईने ते ओळखलं होतं. कराडच्या घराची किल्ली ती तिथेसुद्धा कमरेला खोचून वावरत असे. "इथे कशाला गं ती?" असं दादाने एकदा हसत विचारलं, तर म्हणाली, "सवय." बस्स, एवढंच.

आम्ही जाणार होतो व्हर्जिनियातल्या शेनॅन्डोआ राष्ट्रीय उद्यानात, पानगळीचे रंग पाहायला. वहिनी मोठी टापटिपीची. तिची यादी चार पानांची होती, आणि त्या यादीमागे किती शास्त्र आहे हे मला त्या दिवशी कळलं. गाडीच्या टाकीत चाळीस गॅलन पाणी मावतं. ते झाले सुमारे दीडशे लिटर, म्हणजे सामान चढवण्यापूर्वीच दीडशे किलो वजन झालं! म्हणून जड वस्तू खाली आणि चाकांच्या कण्याजवळ ठेवायच्या. प्रेशर कुकर, डाळ-तांदळाचे डबे, दादाची हत्यारांची पेटी ही मंडळी तळाला गेली. वरच्या फडताळांत कपडे, पापड, चहाची पुडी असं हलकंफुलकं. वर जड ठेवलं तर वळणावर गाडी झुलते, आणि दार उघडताच डबा डोक्यात पडतो तो निराळाच. ताटल्या न फुटणाऱ्या घेतल्या आणि प्रत्येक दोहोंमध्ये एकेक पंचा घातला. पंचे तर लागतातच, मग त्यांनी वाटेत बसून का राहावं?

कपड्यांचंही तसंच. दुपारी ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी, असा तिथला ऑक्टोबर. एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा एकावर एक चढवता येतील असे चार पातळ कपडे बरे. आतला सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ऊन कललं की अंग गार पडतं. त्याऐवजी लोकर घालावी. लोकरीचे मोजे मात्र माणशी तीन जोड, त्यांतला एक फक्त झोपताना घालायचा, कोरडा ठेवलेला. खाण्याच्या पेटीत भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, आणि घरीच करून गोठवलेली उसळ. ती वाटेत बाकीचं जिन्नस थंड ठेवते आणि रात्री पोटात जाते.

जळाऊ लाकूड मात्र घ्यायचं नाही! मला नवल वाटलं. पण लाकडातून किडे एका रानातून दुसऱ्या रानात जातात. त्यांतल्या एका हिरव्या भुंगेऱ्याने तिकडची ॲश नावाची झाडं कोट्यवधींनी मारली आहेत. म्हणून बाहेरचं साधं लाकूड उद्यानात न्यायला बंदी आहे. लाकूड लागलं तर तिथलं घ्यावं, किंवा भट्टीत तापवून शिक्का मारलेलं.

दादाने मात्र यादीबाहेर बरंच आणलं होतं. सगळं आईच्या सुखासाठी. विजेची रजई, विजेचा भाताचा कुकर, पाय शेकायचं यंत्र. आईने आपली गोधडी पुढे केली, वडिलांच्या धोतरांची आणि तिच्या जुन्या लुगड्यांची, कराडहून विमानात घालून आणलेली. "आई, जागा नाही गं आता," दादा म्हणाला. "मी पांघरून बसते, म्हणजे जागा नको," आई म्हणाली, आणि खरोखरच ती पांघरून गाडीत बसली.

पाच-सहा तासांनी उद्यानाचं उत्तरेचं फाटक आलं. तिथून डोंगराच्या कण्यावरून एकशे पाच मैलांचा रस्ता जातो. वेग ताशी पस्तीस मैलांहून अधिक नाही. दोन्ही अंगांना रान पेटल्यासारखं दिसत होतं. पिवळं, केशरी, तांबडं, आणि मधूनच पळसाच्या आठवणीने जीव हलावा असं एखादं झाड. बत्तिसाव्या मैलापाशी खडकातून कोरलेला बोगदा आला. त्याच्या तोंडावर उंची लिहिलेली होती : बारा फूट आठ इंच. आमची गाडी बारा फुटांची. दादाने श्वास रोखला, वहिनीने डोळे मिटले, मी नकळत मान खाली घातली. आई तेवढी स्वस्थ होती. "आठ इंच म्हणजे वीत झाली की," ती म्हणाली. "वीतभर जागा पुष्कळ असते."

मुक्काम बिग मेडोजला होता, सुमारे साडेतीन हजार फुटांवर. नावाप्रमाणे तिथे विस्तीर्ण कुरण आहे. दिवस मावळण्यापूर्वी आम्ही तिथलं माहितीघर पाहायला गेलो. हे उद्यान 1935 साली स्थापन झालं. त्यासाठी डोंगरात राहणारी सुमारे पाचशे कुटुंबं हलवावी लागली. भिंतीवर त्या माणसांची चित्रं होती. लाकडी घराच्या ओसरीवर उभे असलेले बायाबापडे, अनवाणी पोरं. "ही कोण माणसं?" आईने विचारलं. वहिनीने वाचून सांगितलं. रानात अजून त्यांच्या घरांची धुराडी आणि थडगी सापडतात, हेही सांगितलं. आई त्या चित्रांसमोर बराच वेळ उभी राहिली. मग काही न बोलता चालू लागली.

ती कोजागरीची रात्र होती, सोळा ऑक्टोबर. आम्ही कुरणाच्या कडेला उभं राहून चंद्र पाहिला आणि केशर घातलेलं दूध प्यालो. भांडी मात्र लगेच आत! तिथे अस्वलं आहेत. खाण्याची वस्तू, उष्टं भांडं, दात घासायची पेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नाही. वास आला की अस्वल येतं, आणि माणसाच्या अन्नाला एकदा चटावलं की शेवटी जीव जातो तो अस्वलाचाच.

नऊला आम्ही निजलो. दोनच्या सुमारास मला जाग आली ती थंडीने. दादा दिवा न लावता खटपट करीत होता. झालं होतं असं, की गाडीतली भट्टी जळते गॅसवर, पण तिची गरम हवा फिरवणारा पंखा चालतो बॅटरीवर. त्या मुक्कामाला गाड्यांना वीज जोडायची सोयच नाही. जनित्र लावायचं तर ठराविक वेळीच, रात्री मुळीच नाही. बॅटरी उतरली आणि भट्टी थांबली. विजेची रजई, शेकायचं यंत्र, सगळं निव्वळ ओझं झालं. शेगडी पेटवून ऊब घ्यावी म्हटलं, तर वहिनीने हात धरला. बंद गाडीत असं केलं तर विषारी वायू साचतो, माणसं झोपेतच जातात.

तिने थर्मासमधलं उकळलेलं पाणी रबरी पिशवीत भरून आईच्या पायांशी ठेवलं. कोरडे मोजे, कानटोप्या निघाल्या. आम्ही चौघंही मागच्या मोठ्या बिछान्यावर दाटीवाटीने बसलो आणि आईने गोधडी सगळ्यांच्या गुडघ्यांवर पसरली. "माझंच चुकलं. एवढं सामान आणलं आणि बॅटरीचा विचार केला नाही," दादा म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली. थोड्या वेळाने आपणहून बोलू लागली. "मी दहा-अकरा वर्षांची होते. कोयनेच्या धरणाचं पाणी गावात यायचं होतं. आईने बैलगाडी भरली. बियाणं घेतलं, भांडी घेतली, देव फडक्यात बांधले. बाबांनी दाराची चौकटसुद्धा काढून घेतली, सागाची होती. निघायच्या दिवशी सकाळी आई घर सारवायला बसली. बाबा म्हणाले, बुडणाऱ्या घराला कशाला सारवतेस? ती म्हणाली, घर पारोसं टाकून जाऊ नये. आणि गाठोड्यात शेवटी काय घातलं असेल? कुलूप. किल्लीसकट. घर नाही, दार नाही, आणि कुलूप घेऊन निघाली."

बाहेर चंद्रप्रकाशात झाडांची पानं गळत होती. त्यांचा आवाज ऐकू येत होता, इतकं शांत होतं.

"आज दिवसभर तुम्ही सामान लावत होता, हसत होता. मला फार बरं वाटलं," आई पुढे म्हणाली. "पण एक सांगू? ज्याला परत यायचं असतं ना, त्यालाच सामान बांधायची मौज वाटते. माझ्या आईला कुठे वाटली? त्या भिंतीवरच्या माणसांना वाटली असेल?" ती जरा थांबली. "कराडला कोयना कृष्णेला मिळते. माझ्या गावावरून आलेलं पाणी तिथे असतं. संध्याकाळी घाटावर जाऊन बसते मी. तेवढं राहू दे, बाळ."

दादा काही बोलला नाही. त्याने गोधडीचं टोक ओढून आईच्या पायांखाली नीट दुमडलं, लहानपणी ती आमचं दुमडायची तसं.

सकाळी जनित्राची वेळ झाली, बॅटरी भरली, चहा झाला. पुढचे दोन दिवस आम्ही यादी उलटी वाचून काढली. काय लागलं आणि काय लागलं नाही, हे वहिनीने खुणा करून लिहून ठेवलं. लागलेल्या वस्तूंत थर्मास, रबरी पिशवी, कोरडे मोजे आणि गोधडी. न लागलेल्यांत विजेचं सगळं. पुढच्या खेपेला वीज असलेलाच मुक्काम निवडायचा, नाहीतर विजेवाचून जमेल एवढंच न्यायचं, असा तिने शेरा मारला. बालवाडीच्या बाईला तो शेरा मनापासून पटला.

गाडी परत करायच्या दिवशी दादाने आतून शेवटची नजर फिरवली. दाराशेजारी किल्ल्यांसाठी एक खुंटी होती. मुक्कामावर निजताना टोचते म्हणून आईने कराडची किल्ली तिथे अडकवली होती आणि विसरली होती. दादाने ती काढली, धोतराच्या काठाच्या एका चिंधीत बांधलेली ती जुनी पितळी किल्ली, आणि आईच्या हातात ठेवली.

"जपून ठेव," तो म्हणाला. "दिवाळीत घर उघडायला लागेल."

ऑक्टोबर संपायच्या आत आम्ही दोघी परतलो. घर उघडलं, झाडलं, आणि आईने पहिल्या दिवशी पणती लावली ती उंबऱ्यावर. गिऱ्हाइकाला दादाने तिकडूनच नकार कळवला होता. पुढच्या उन्हाळ्यात कौलं शाकारायचे पैसे आले, त्यांच्याबरोबर चिठ्ठी नव्हती.